जपानची जुनी सीआर-व्ही कोल्हापुरात सांभाळताना: चार वर्षांचा हिशोब

येत्या डिसेंबरात गाडी माझ्याकडं येऊन चार वर्षं होतील. होंडा सीआर-व्ही, २.४ पेट्रोल, ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राईव्ह, २०१० ची. घेतली तेव्हा १ लाख १८ हजार किलोमीटर झालती, आज १ लाख ६१ हजार आहेत, म्हणजे दारात पुसून ठेवायला घेतलेली गाडी नाही ही, रोज शिरोली एमआयडीसीला जाते, पावसाळ्यात गगनबावड्याला जाते, उसाच्या सीझनमध्ये ट्रॉल्यांच्या मागं तासभर रांगते. आतापर्यंत ओळखीतले पाच-सहा जण विचारून गेलेत, भावा तीन-चार लाखात एवढी मोठी इम्पोर्टेड गाडी मिळत्या, घेऊ का? आणि प्रत्येकाला मी चहाच्या टपरीवर उभं राहून अर्धवटच सांगितलंय. म्हणून एकदा बसून सगळं लिहितोय, पैशाच्या आकड्यांसकट.

आधी इम्पोर्टेड म्हणजे काय ते बघू, कारण इथंच लोकांचा घोळ होतोय. आपल्याकडं जी "इम्पोर्टेड सेकंडहँड" म्हणून विकली जाते ती बहुतेक वेळा कंपनीनंच नवीन असताना बाहेरून पूर्ण तयार आणलेली आणि इथल्या शोरूममधनं विकलेली गाडी असते. माझी सीआर-व्ही तशीच. ही तिसरी पिढी जपानमधनं तयार होऊन यायची, २०१३ ला चौथी पिढी आली तेव्हापासून ग्रेटर नोएडात जोडायला लागले, आणि तो नोएडाचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद झाला त्याबरोबर सीआर-व्हीचं नावच इथल्या शोरूममधनं गेलं. ओळखायची खूण सोपी आहे, आरसीवरचा चेसिस नंबर बघा, जपानमध्ये बनलेली असेल तर पहिलं अक्षर जे, भारतात बनलेल्या गाडीचं एम. मारुती बघा, टाटा बघा, सगळ्या एम नं सुरू होतात. हे एक अक्षर पुढं मला किती महाग पडलं ते सांगतोच.

दुसरा प्रकार म्हणजे वापरलेली गाडीच परदेशातनं इथं आणायची. माझा मावसभाऊ जपानला नोकरीला होता, त्यानं एकदा रात्री फोन करून सांगितलं की दादा इथं जुन्या गाड्या मातीमोल भावानं जातात, पाठवू का एक? मी पण दोन दिवस हवेत होतो, खोटं कशाला सांगू. मग नियम वाचले. गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे, स्टिअरिंग उजवीकडं पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरचा पाहिजे, हेडलाईटचा झोत डावीकडनं चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा पाहिजे, पुढं अजून पाच वर्षं रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे असा दाखला पाहिजे, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. वर ड्यूटी गाडीच्या किमतीच्या शंभर टक्क्यांच्या पुढं. म्हणजे तिकडं मातीमोल भावात मिळते ती दहा-बारा वर्षांची गाडी, ती आणताच येत नाही, आणि जी आणता येते ती तिकडंच महाग आणि इथं येईस्तोवर दुप्पट. दुबईची गाडी तर डाव्या स्टिअरिंगची, विषयच संपला. त्यामुळं कुणी तुम्हाला "बाहेरनं आलेली आहे, कागद नंतर देतो" म्हणून स्वस्तात दाखवत असेल तर तिथनं सरळ घरी या. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सनं भूतानमार्गे आत आणलेल्या जुन्या गाड्यांवर "ऑपरेशन नुमखोर" म्हणून छापे टाकले आणि ज्यांनी पैसे मोजून घेतलत्या त्यांच्या दारातनं गाड्या उचलून नेल्या. अशी एकट्यानं आणलेली गाडी असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी रीतसर देशात आल्याचा कागद, बघितल्याशिवाय टोकनचे पाच हजार पण देऊ नका.

आता मला ही गाडी का पाहिजे होती. आबांचे गुडघे. आमच्याकडं आधी छोटी हॅचबॅक होती, तिच्यात बसायचं म्हणजे खाली वाकून बसायचं आणि उतरताना दोघांनी धरून उठवायचं. आबा बाहेर जायचंच टाळायला लागलते, जोतिबाला न्यायला लागलो तर म्हणायचे तुम्ही जाऊन या, मी घर बघतो. शोरूममध्ये जाऊन त्यांना दोन-तीन नवीन उंच गाड्यांत बसवून बघितलं तर काही फार उंच, पाय चढवावा लागतोय, आणि बाकीच्या माझ्या बजेटच्या बाहेर. मग एका लग्नात पाहुण्यांच्या सीआर-व्हीत आबा स्वतःहून बसले. नुसते मागं सरकले आणि बसले. सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, खाली मधे उंचवटा नाही, पाय सरळ ठेवता येतात. घरी येताना मला म्हणले, ही कुठली रे गाडी? बस्स, तिथनं माझा शोध सुरू झाला.

पहिली गाडी बघितली ती कोल्हापुरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या दुकानात, नाव लिहीत नाही. रंग झकास, आतनं सेंटचा वास, किंमत २ लाख ९०. महिना होता ऑक्टोबर २०२१, म्हणजे जुलैचा महापूर होऊन तीन महिने पण झाले नव्हते. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापूरकराला सांगायला नको, शिरोलीजवळ हायवे बंद पडलता आणि नागाळा पार्क, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी या भागात पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, कास्टिंगवर गंज कसा चढतो आणि कसा लपवतात ते रोजच बघतोय, त्यामुळं आधी सीटच बघितली. सीट ज्या पट्टीवर मागं-पुढं सरकते त्या पट्टीच्या खालच्या बाजूला बारीक तांबडा गंज. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, पार शेवटपर्यंत, आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ होती. स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवलं तर गाळ. दुकानदार म्हणला, साहेब पाणी टायरपर्यंतच आलतं. टायरपर्यंत पाणी आलेल्या गाडीचा सीटबेल्ट वरनं चिखलात कसा जाईल? असल्या गाडीत इंजिन धुऊन चालू करता येतं हो, पण वायरिंगचे जोड, एअरबॅगचं युनिट, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ह्या गोष्टी सहा महिन्यांनी एकेक करून मरतात, आणि इम्पोर्टेड गाडीचा असला एक डबा गाडीच्या निम्म्या किमतीला जातो. कोल्हापूर-सांगलीत कुठलीही जुनी गाडी घेताना हा सीटबेल्ट ओढायचा प्रकार विसरू नका, खरंच विसरू नका.

दुसरी बेळगावची, केए-२२. गाडी चांगली होती, पण कर्नाटकची एनओसी, मग इथं महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, आणि आपल्याकडं इम्पोर्टेड गाडीला वन टाइम टॅक्सचा दर २० टक्के आहे, साध्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणं कमी होतो तो, तरी पण हिशोब जमेना. सोडली. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं कारण पण सगळ्यांना माहीत असावं, तिथं पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा आली म्हणून लोकांनी बाहेर काढल्या, आणि इथं आणून नंबर बदलायचा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

तिसरी मिळाली पुण्यात, एमएच-१२, एका निवृत्त डॉक्टरांची. राज्यातल्या राज्यात असल्यामुळं टॅक्सची भानगड नाही. मी फोनवरच सांगितलं होतं की काका, मी सकाळी सातला येतो, तोपर्यंत गाडी चालू करू नका, मला थंड इंजिन स्वतः चालू करायचंय. डॉक्टर म्हणाले, "अहो या की, मी चावीच तुमच्यासाठी टेबलावर काढून ठेवतो." पहाटे तीनला कोल्हापूर सोडलं. बॉनेटवर हात ठेवला, गार. सेल मारला, पहिल्या झटक्यात चालू, ना धूर ना आवाज. २०१६ पर्यंतचे सगळे सर्व्हिसचे शिक्के पुस्तकात, त्यानंतर बाहेरच्या गॅरेजची बिलं एका फाईलमध्ये पंच करून लावलेली. त्या फाईलसाठी मी दहा-वीस हजार जास्त द्यायला तयार होतो, एवढं सांगतो. ३ लाख ४० हजाराला सौदा झाला. नवीन असताना वीस लाखाच्या वरची गाडी ही.

आणि इथंच मुख्य गोष्ट सांगायची आहे. पहिल्या मालकानं जे वीस-बावीस लाख भरले त्यात मोठा हिस्सा ड्यूटी आणि टॅक्सचाच होता. अकरा वर्षांनी तो हिस्सा हवेत गेला म्हणून गाडी आपल्याला स्वस्त पडते. पण पार्टची किंमत वीस-बावीस लाखाच्या गाडीचीच राहते, ती काही गाडीबरोबर खाली येत नाही. तुम्ही साडेतीन लाखाची गाडी घेत नाही, वीस लाखाची गाडी साडेतीन लाख ॲडव्हान्स देऊन घेताय. मी पहिल्या दिवशी बँकेत ८० हजार वेगळे काढून ठेवले, त्याला हात लावायचा नाही, फक्त गाडीसाठी. बायको म्हणाली, गाडी घेतली ना आता अजून कशाला? एका वर्षात तिलाच पटलं.

कागदपत्रांचं सांगतो. पुणे आरटीओची एनओसी, मग कोल्हापूरला पत्ता आणि मालकी बदल. एजंट धरला, ती चूक केली असं म्हणणार नाही पण त्याच्यावर सोडून दिलं ही चूक केली. डॉक्टरांनी गाडीचं कर्ज २०१४ लाच फेडलेलं, पण आरसीवरचा बोजा उतरवलाच नव्हता आणि एजंटानं ते बघितलंच नाही. बँकेचं पत्र परत काढायला डॉक्टरांना दोन फेऱ्या माराव्या लागल्या, त्या माणसानं विकून झालेल्या गाडीसाठी तेवढं केलं हे मी विसरणार नाही. नाव लागायला तीन महिने गेले. तुम्ही सौदा करायच्या आधी परिवहनच्या साईटवर गाडी नंबर टाकून बोजा आहे का ते स्वतः बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्या जे अक्षराचं. २०२५ ला गाडीला १५ वर्षं झाली, आरसी संपली, रिन्यूअल करायचं. २०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांच्या पुढच्या साध्या कारची रिन्यूअल फी ६०० वरनं ५००० झालीय हे मला माहीत होतं, एजंट पण पाच हजारच म्हणलता, मी पाच हजार आणि पर्यावरण कर असं धरून बसलो. फॉर्म भरताना आकडा आला ४० हजार. मला वाटलं सिस्टिम चुकली. चुकली नव्हती. गाडी "इम्पोर्टेड" म्हणून नोंद आहे आणि इम्पोर्टेड चारचाकीची फी आधी १५ हजार होती ती त्याच २०२२ च्या बदलात ४० हजार झाली. आणि अजून पुढचं ऐका, २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवीन नोटिफिकेशन आलं, २० वर्षांच्या पुढच्या गाड्यांची फी परत वाढवली, साधी कार १० हजार आणि इम्पोर्टेड ८० हजार. माझ्या गाडीला ती वेळ २०३० ला येईल. रिन्यूअल पाच वर्षांचं असतं, म्हणजे मी भरलेले ४० हजार म्हणजे वर्षाला आठ हजार, असा हिशोब करून मनाची समजूत घातली, पण घेतानाच माहीत असतं तर डॉक्टरांशी त्यावर बोललो असतो. इथनं पुढं कुणी १३-१४ वर्षांची इम्पोर्टेड गाडी घेत असेल तर हे ४० हजार किमतीतनं आत्ताच वजा करून बोला. इन्शुरन्सचं पण तसंच, १५०० सीसीच्या वर इंजिन म्हणून नुसतं थर्ड पार्टीच वर्षाला ७,८९७ आणि त्यावर जीएसटी, गाडी किती जुनी याचा त्याला संबंध नाही.

एवढं सगळं वाचून वाटेल की हा माणूस पस्तावलाय. अजिबात नाही. गाडी चालवायला घेतली की सगळं विसरतं. इंजिन २३५४ सीसी, ताकद १६१ पीएस, पण आकड्यापेक्षा त्याचा स्वभाव मला आवडतो, शांत. पुणे-कोल्हापूर करून उतरलो की अंगात कणकण नसते. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळं ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, मात्र हातानं सेट करावे लागतात, चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला एकदा बघून घ्यायचे. आंबोलीत जुलैच्या धुक्यात, रस्त्यावरनं पाणी वाहतंय, आणि गाडी रुळावर चालल्यासारखी चालते. एरवी पुढचीच चाकं ओढतात, पुढचं चाक घसरायला लागलं की मागची चाकं आपोआप जोर लावतात. ही काही थारसारखी चिखलात घालायची गाडी नाही, तसलं काही करायला जाऊ पण नका, पण ओल्या घाटात ह्याच्यासारखा दिलासा नाही.

तर मागच्या चाकांचीच पहिली तक्रार आली. घेतल्यावर महिनाभरात, गाडी पूर्ण स्टिअरिंग वळवून पार्किंगमधनं काढताना मागनं घुर्रर्र करून आवाज, म्हातारं माणूस कण्हतंय असा. एका मोठ्या गॅरेजला दाखवली, त्यांनी मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) खोलावा लागेल, ६० हजाराची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. रात्री झोप लागली नाही. मग कंपनीतल्या एका सिनियरनी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाठवलं.

ह्या मिस्त्रींबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी बसलोय. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरबाहेरच्यांना सांगतो, ऑइल इंजिनं बनवणाऱ्यांची, लेथवाल्यांची, फाउंड्रीवाल्यांची वस्ती, गल्लीगल्लीत मशीन. मिस्त्री साठीच्या पुढचे, आयुष्य ऑइल इंजिनात गेलेलं, दोन पोरं हाताखाली. मी गाडी नेली, त्यांनी आधी विचारलं, "मागच्या डब्यात ऑइल कुठलं हाय?" मी डॉक्टरांची फाईल काढली, तर २०१८ च्या एका बिलात "गिअर ऑइल ९०" असं लिहिलेलं. ह्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन छोटे पंप आणि क्लच असतात, त्याला होंडाचंच वेगळं ड्युअल पंप फ्लुइड लागतं, साधं नव्वद नंबर टाकलं की क्लच चिकटत-सुटत आवाज करतो. मी हे वाचलं होतं ते सांगितलं. दुसरा कुणी असता तर म्हणला असता मला शिकवू नका. मिस्त्री म्हणले, "मला हे म्हायती न्हवतं. पुस्तकात लिवलंय नव्हं? मग तेच आणा, मी टाकतो. खोलायचं नंतर बघू." दीड हजाराच्या आसपास ऑइल आणलं, जुनं काढलं तर काळं आणि जळका वास. नवीन भरलं, आमच्या कंपनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर सावकाश आठच्या आकड्यात गाडी फिरवली, पाचशे किलोमीटरनी परत काढून परत नवीन भरलं. आवाज गेला तो आजपर्यंत आलेला नाही. ६० हजाराच्या ठिकाणी सगळं मिळून साडेतीन हजार.

दुसरं काम पुढच्या खालच्या आर्मच्या बुशचं. आर्म म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा लोखंडी हात, आणि बुश म्हणजे त्याच्या जोडातलं रबर. पंधरा वर्षांचं रबर, ते फाटणारच, त्यात आपले रस्ते. ब्रेक मारला की पुढनं टक, आणि टायर आतल्या बाजूनं झिजायला लागले. नुसतं बुश कुठं मिळेना, पूर्ण आर्म घ्या म्हणायचे, एका बाजूचे १४ हजार, ते पण ऑर्डर दिल्यावर तीन आठवड्यांनी. मी मिस्त्रींना म्हणलं, उद्यमनगरात असताना आपण आर्म का बदलायचा? त्यांच्या ओळखीच्या एकानं पॉलियुरेथेनचं बुश मापावर करून दिलं, माप एकदम बरोबर, मी स्वतः व्हर्नियर लावून बघितलं. पण गाडी चालवली तर स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर, माल कडक, रबरासारखा लवचिक नाही. आबा म्हणले, गाडी बदलली का रे? दोन महिन्यांत काढून टाकलं ते. हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं सगळं बनतं असा आपला अभिमान असतो, आणि बनतं पण, पण जिथं रबरानंच काम करायचं असतं तिथं रबरच पाहिजे. शेवटी पुण्यात एका दुकानात जपानी मेकचं सुटं बुश मिळालं, २,२०० ला एक.

आणि मग मिस्त्रींनी जे केलं ते बघून मी हात जोडले. जुनं बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढायच्या आधी त्यांनी आर्मवर पंचनं खूण केली, कारण ते बुश गोल दिसलं तरी त्यातल्या फटींची दिशा ठरलेली असते, वेडंवाकडं बसवलं की सहा महिन्यांत फाटतं. बसवून झाल्यावर बोल्ट हातानंच लावले, गाडी खाली चाकांवर उतरवली, मागं पुढं ढकलली, आणि मग खाली झोपून पक्के आवळले. मी विचारलं असं का, तर म्हणले, "लिफ्टवर आवाळलं तर रबार पिळ्यात बसतंय. गाडीचं वजान पडल्यावर आवळायचं, मग रबार निवांत." ही गोष्ट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते आणि चकचकीत गॅरेजमध्ये मी ती पाळलेली बघितली नव्हती. मजुरी घेतली दोन्ही बाजूंची १,२००. मी जास्त द्यायला लागलो तर घेतले नाहीत.

बाकी नेहमीचा खर्च वाटतो तेवढा नाही. ऑइल फिल्टर होंडा सिटीचाच बसतो, प्लग आणि इंजिनचे बरेच पार्ट त्याच काळातल्या २.४ ॲकॉर्डबरोबर जुळतात कारण इंजिन एकाच घराण्यातलं. गिअरबॉक्सचं ऑइल मी दर ३० हजार किलोमीटरला होंडाचंच टाकतो, तिथं पैसे वाचवायचे नाहीत. अंगावर येतो तो बाहेरचा माल, हेडलाईट, बंपर, आरसा. महाद्वार रोडला एका टेम्पोनं आरसा नेला तर अख्खं युनिट शोधायला महिना गेला आणि शेवटी स्क्रॅपच्या गाडीचं ९ हजाराला मिळालं. गंगावेशीच्या बाजूला मी गाडी नेतच नाही आता.

पेट्रोल मात्र पिते, ते लपवण्यात अर्थ नाही. गावात सात-साडेसात, हायवेला सावकाश चालवली तर साडेदहा. ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, पण विचार आहे, २०१० ची गाडी ई२० साठी बनवलेलीच नाही, जुन्या रबराच्या पाईप आणि सील्सना एवढं इथेनॉल मानवत नाही. म्हणून मी गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवत नाही, टाकीत जुनं पेट्रोल राहू देत नाही, आणि इंधनाचे पाईप दर सर्व्हिसला हातानं दाबून बघतो, कडक झालेत का, चिरा पडल्यात का, ओल आहे का.

चार वर्षांत खरेदी, इन्शुरन्स आणि पेट्रोल सोडून गाडीवर गेले १ लाख ८६ हजार, त्यात ते ४० हजार आणि एक टायरचा सेट धरून. ज्याला महिन्याला ठरलेला हप्ता भरून डोक्याला ताप नको त्यानं नवीन गाडी घ्यावी, मी मनापासून सांगतो. ज्याला स्वतः खाली वाकून बघायची आवड आहे, फाईल ठेवायची सवय आहे आणि गावात एक खरा मिस्त्री आहे, त्यानं घ्यावी. मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, ती मी लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून बघितली. जर्मनीची गाडी, आजही स्वतःच्या चाकांवर येते. ह्या वर्षी आबांना घेऊन गेलो, गाडी लांब लावली होती तिथपर्यंत ते काठी टेकत आले, दार उघडलं, मागं सरकले आणि बसले, कुणी धरायला लागलं नाही. मग म्हणले, त्या मेबॅकला पण कुणीतरी मिस्त्री असंलच की रे.

इंधनाच्या पाईपचा नवीन सेट पुण्याहून गुरुवारी येतोय. रविवारी सकाळी सातला मिस्त्रींनी बोलावलंय, इंजिन गार पाहिजे म्हणलेत, म्हणून शनिवारी रात्रीच गाडी उद्यमनगरात नेऊन लावणार आहे.